पॅलीने ओलांडलेला दगड आणि मांगलीची कवटी

निसर्गात एवढी सुव्यवस्था आहे, म्हणजे ती लावणारा कोणीतरी असलाच पाहिजे. हा युक्तिवाद आपण सर्वांनी ऐकला आहे. कीर्तनात, वर्गात, वाघाच्या एखाद्या चित्रफितीखाली. प्रश्न वरकरणी तत्त्वज्ञानाचा वाटतो. परंतु त्याच्या इतिहासातील एक प्रकरण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जमिनीत अक्षरशः गाडलेले आहे. आजचा धागा त्या प्रकरणाचा. जरा लांब आहे, सवडीने वाचावा.

१८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात रिचर्ड ओवेन या विख्यात शरीररचनाशास्त्रज्ञाने एका चपट्या, रुंद कवटीचे वर्णन प्रसिद्ध केले. प्राण्याला त्याने नाव दिले ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’. आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा. ही कवटी सापडली होती मांगली येथे, नागपूरच्या दक्षिणेस सुमारे साठ मैलांवर, वर्धा नदीच्या खोऱ्यात. आज हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात मोडतो. बेडकांच्या दूरच्या नात्यातला हा पाणथळ जागी राहणारा शिकारी सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा, असे आजचे भूशास्त्र सांगते. त्या काळी एवढा मोठा आकडा उच्चारण्याचे साधनच कोणाकडे नव्हते.

कवटी लंडनला गेली ती नागपूरच्या दोन मिशनऱ्यांच्या संग्रहातून: स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय ज्याच्या नावाने ओळखले जाते तोच हा हिस्लॉप. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा धर्मोपदेशक म्हणून तो १८४५ साली नागपुरात आला. शाळा काढली, मराठी शिकला, गावोगाव हिंडला, आणि हिंडताना हातात हातोडी ठेवली. नागपूर परिसरातील खडक व जीवाश्म यांवरील हिस्लॉप-हंटर यांचा सविस्तर निबंध त्याच त्रैमासिकात, त्याच वर्षी आला.

धर्मप्रसाराला आलेला माणूस दगड का फोडत बसला असेल? छंद म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. त्यासाठी त्याच्या पिढीच्या डोक्यात काय होते ते पाहावे लागते.

१८०२ साली विल्यम पॅली या इंग्रज पाद्र्याने ‘नॅचरल थिऑलॉजी’ हा ग्रंथ लिहिला. त्याची सुरुवात प्रसिद्ध आहे. माळावरून चालताना पायाला दगड लागला, तर तो तेथे कसा आला असे कोणी विचारल्यास ‘तो पूर्वीपासूनच तेथे असेल’ असे म्हणून भागते. पण घड्याळ सापडले तर तसे म्हणता येत नाही. त्यातील चाके, कमान, काटे एका हेतूने जुळवलेले दिसतात. तेव्हा घड्याळजी मानावाच लागतो. मग डोळा, पंख, सांधे हे तर घड्याळाहून कितीतरी सूक्ष्म! त्यांचाही कर्ता मानलाच पाहिजे. पुढे १८३३ पासून इंग्लंडात ‘ब्रिजवॉटर’ ग्रंथमाला निघाली, ती सर्वच्या सर्व याच विचाराच्या विस्ताराला वाहिलेली. तिच्या पहिल्या लेखकांपैकी एक थॉमस चामर्स. हिस्लॉप ज्या फ्री चर्चचा, त्या चर्चचे हे पुढारी. त्याच चर्चच्या वर्तुळातला ह्यू मिलर हा पाथरवटाचा संपादक झालेला लेखक स्कॉटलंडच्या वाळूच्या खडकांतील माशांवर लिहीत होता आणि त्यांत सृष्टिकर्त्याची पावले पाहत होता. या मंडळींच्या लेखी ईश्वराने दोन ग्रंथ लिहिले: एक बायबल, दुसरा निसर्ग. म्हणजे दगड फोडणे हे दुसऱ्या ग्रंथाचे वाचनच होते.

येथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. पॅलीने दगड बाजूला सारला होता. त्याला दगडाकडून काहीच अपेक्षा नव्हती. सगळा भार घड्याळावर. पन्नास वर्षांत त्याच परंपरेतील माणसे दगडच उचलू लागली, आणि दगड ‘पूर्वीपासूनच तेथे’ नव्हता हे त्यांच्याच हातांनी उघड झाले. दगडालाही काळ होता. त्यात थर होते, थरांना क्रम होता आणि प्रत्येक थरात वेगळे जीव होते. हिस्लॉपच्या भूशास्त्रीय निबंधांचा सूर कोरडा आहे: खडक कोणता, थर कोणत्या थरावर, कोणती पाने, कोणते कवचधारी जीव. मांगलीच्या खडकात त्याला शिंपल्यासारख्या कवचाचे चिमुकले कवचधारी जीवही मिळाले. १८६२ साली त्यांतील एका जातीला मांगलीचेच नाव मिळाले, ‘एस्थेरिया मांगालिएन्सिस’. धर्मोपदेशकाच्या निबंधात प्रवचन नाही, याचे मला प्रथम वाचताना आश्चर्य वाटले होते. आता वाटते, ज्याला पुस्तकाच्या लेखकाविषयी शंकाच नाही, तो मुखपृष्ठावर अडत नाही. सरळ मजकूर वाचू लागतो.

आता ओवेनकडे पुन्हा येऊ. ‘डायनोसॉर’ या गटाला १८४२ साली नाव देणारा हाच. त्याच्या मते डायनोसॉर आजच्या सरपटणाऱ्या प्राण्यांपेक्षा अधिक प्रगत होते, म्हणून जीव हळूहळू बदलत व सुधारत गेले हे मत चूक. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख आणि छछुंदरासारख्या बिळे खोदणाऱ्या प्राण्याचा पंजा यांतील हाडे एकाच आराखड्याची आहेत, हे त्याने १८४९ साली बारकाईने मांडले. हा आराखडा कोठे होता? ओवेनचे उत्तर: सृष्टिकर्त्याच्या मनात. दहा वर्षांनी, १८५९ साली, डार्विनने हीच हाडे घेतली आणि म्हटले, हा आराखडा पूर्वजांच्या शरीरात होता. हाडे बदलली नाहीत, त्यांची रचनाही बदलली नाही. तिचा अर्थ मात्र पार उलटला. ज्या मांगलीच्या कवटीला ओवेनने सृष्टीच्या आराखड्यात जागा दिली, तीच पुढे बदलत्या जीवसृष्टीच्या कथेतील एक पान झाली. डार्विन स्वतः केंब्रिजमध्ये पॅली आवडीने वाचत असे, हेही येथे नमूद करावे.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा येथेच आहे. सुव्यवस्थेला स्पष्टीकरण हवे, हे पॅलीचे म्हणणे योग्यच होते. स्पष्टीकरण म्हणजे कारागीरच, ही पुढची पायरी मात्र त्याने न तपासता चढली. सुव्यवस्था घडू शकते, तिला इतिहास असू शकतो, ही शक्यता त्याच्या माळावर नव्हती.

याचा सर्वांत सुंदर पुरावा आपल्याच कोळशात आहे. वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या थरांलगत ‘ग्लोसोप्टेरिस’ या नामशेष वनस्पतीची जिभेच्या आकाराची पाने सापडतात. तशीच पाने दक्षिण आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात सापडली. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉटच्या तुकडीने शेवटपर्यंत जवळ बाळगलेल्या सुमारे १६ किलो दगडांतही तीच पाने होती. समुद्रांनी तोडलेल्या पाच भूभागांवर एकच झाड! कर्त्याने पाच ठिकाणी तेच लावले, असे म्हणता येईलच. त्या उत्तराला कशानेही धक्का लागत नाही, आणि तीच त्याची अडचण आहे. भूशास्त्राचे उत्तर असे की हे भूभाग एकेकाळी जोडलेले होते. त्या महाखंडाचे नाव गोंडवन. भारतातील या खडकांना ‘गोंडवाना’ हे नाव १८७० च्या दशकात भूवैज्ञानिकांनी दिले, ते गोंडांच्या प्रदेशावरून. पुढे एडुआर्ड झ्यूसने ते संपूर्ण महाखंडाला दिले. अंटार्क्टिकासुद्धा ज्या नावाखाली येतो, ते नाव आपल्या चांद्याच्या राजवटीच्या लोकांचे आहे, हे शालेय पुस्तकात ठळक अक्षरांत यायला हवे.

हा वाद केवळ युरोपचा, असा समज करून घेऊ नये. न्यायदर्शनात हजार वर्षांपूर्वी उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धीची अनुमाने मांडली. त्यांतले मुख्य अनुमान आपल्याला कुंभाराच्या दृष्टान्ताने ठाऊक आहे: घट हे कार्य, त्याला कर्ता असतो; पृथ्वीही कार्य, तेव्हा तिलाही कर्ता. यावर मीमांसक कुमारिल भट्टांनी आधीच हरकत घेऊन ठेवली होती. ज्याला शरीर नाही तो घडवणार कशाने, आणि ज्याला काही कमी नाही तो घडवणार कशासाठी? सर्वांत रोचक भूमिका रामानुजाचार्यांची. ते परम भक्त. तरीही ईश्वर अनुमानाने सिद्ध होतो हे त्यांनी नाकारले. कुंभारावरून अनुमान केले तर हाती कुंभारासारखाच कोणी लागेल, एक किंवा अनेक, मर्यादित शक्तीचा. ईश्वर शास्त्रावरूनच कळतो, तर्काने नव्हे. म्हणजे हा युक्तिवाद नाकारण्यासाठी नास्तिक असावे लागत नाही. आजच्या वादांत हा मुद्दा दोन्ही बाजूंचे लोक विसरतात. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जे जाहीर वाद झाले, त्यांत दोन्ही बाजू ईश्वर मानणाऱ्याच होत्या. भांडण होते ते कोणता ईश्वर, यावर.

हिस्लॉपने मात्र विदर्भात आणखी एक गोष्ट टिपून ठेवली, आणि ती या वादाच्या चौकटीतच बसत नाही.

गोंडांविषयीची टिपणे तो वर्षानुवर्षे जमवत होता. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. त्यांच्या तोंडून त्याने लिंगोचे दीर्घ गीत गोंडीत उतरवून घेतले. हे काम त्याच्या हयातीत छापले गेले नाही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी मध्यप्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांच्यासह तो टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहायला गेला होता. बोरीच्या तळावर परतताना पावसाने फुगलेल्या नाल्यात तो बुडाला. तळावर त्याचा घोडा पोहोचला, स्वार पोहोचला नाही. वय शेहेचाळिसाच्या उंबरठ्यावर. टेंपल यांनी त्याची टिपणे संपादित करून १८६६ साली प्रसिद्ध केली. गोंड परंपरेचा एवढा जुना लिखित पाठ आपल्याला मिळतो, तो या बुडालेल्या माणसाच्या कागदांतून. पाठावर हिंदू कथांची छाप आहे, मिशनऱ्याची निवड आहे, अनुवादाची मोडतोड आहे. हे सगळे ध्यानात ठेवूनच तो वाचावा.

त्या गीतात गोंड महादेवाच्या रोषाने गुहेत कोंडले जातात. फुलातून जन्मलेला लिंगो त्यांना सोडवतो. तो राक्षसाच्या शेतातून अग्नी मिळवतो, वाद्य वाजवून त्या म्हाताऱ्या राक्षसाला नाचायला लावतो. स्वतःच्या माणसांकडून मारला जातो, पुन्हा जिवंत होतो. आणि शेवटी सुटलेल्या लोकांची गटांत वाटणी करतो, त्यांना देव वाटून देतो. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे ही सगांची विभागणी गडचिरोलीत आजही लग्न जुळवताना विचारली जाते. समान देवसंख्येच्या कुळांत सोयरीक होत नाही.

येथे सुव्यवस्था आहे, पण ती कोणाच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून पुढे केलेली नाही. लिंगो जग शून्यातून घडवत नाही. जग आहेच, विस्कटलेले. तो त्यात नाती लावतो, आणि ती नाती पाळणे हे पुढच्या माणसांचे काम. माडिया गावांत आंब्याचा सण, मरका पंडुम, झाल्याशिवाय नवा आंबा खात नाहीत. फळाकडे पाहून कर्त्याचे अनुमान करणे आणि फळ खाण्याआधी पेनाला व पूर्वजांना त्यांचा वाटा देणे, या निसर्गाकडे पाहण्याच्या दोन निराळ्या रीती आहेत. पहिलीत माणूस प्रेक्षक असतो. दुसरीत तो देणेकरी असतो. मिशनरी हिस्लॉपने ही दुसरी रीत ‘अज्ञान’ या सदरात टाकली असेल. तरीही ती शब्दशः लिहून ठेवण्याइतका तो प्रामाणिक अभ्यासक होता.

आणि ताडोबा. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली व्याघ्रप्रकल्प. ज्या तळ्यावरून नाव पडले त्याच्या काठी तारूचे ठाणे आहे. तारू हा गावाचा मुखिया. आख्यायिकेनुसार वाघाशी झुंजताना तो मेला आणि देव झाला. पौषात तेथे यात्रा भरत असे. जगभरचे पर्यटक ज्या जंगलात निसर्गाचा समतोल बघायला येतात, त्या जंगलाचा देव वाघाने मारलेला माणूस आहे.

पॅलीच्या युक्तिवादाला सर्वांत जड जाणारा प्रश्न हाच होता. वाघाचा सुळा उत्तम रचनेचा आहे, यात शंका नाही. तो कशासाठी रचला आहे? डार्विनलाही सुरवंटाच्या देहात अंडी घालून त्याला आतून खाणाऱ्या कीटकांनी अस्वस्थ केले होते. दयाळू ईश्वराने असे मुद्दाम योजले असेल, हे त्याला १८६० च्या सुमारास पटेनासे झाले होते. चंद्रपुरात हा प्रश्न पुस्तकी नाही. मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला भल्या पहाटे जंगलात गेलेली माणसे दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात मरतात. त्यांच्या घरी जाऊन ‘निसर्गाची योजना’ हा शब्द उच्चारून पाहावा. तारूच्या कथेत निदान मेलेल्या माणसाला नाव आहे आणि तळ्याकाठी जागा आहे.

तरीही सृष्टिकर्त्याची कल्पना केवळ असलेल्या व्यवस्थेचे समर्थन करण्यासाठीच वापरली गेली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महात्मा जोतीराव फुले यांचा ‘निर्मिक’ आठवा. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली प्रसिद्ध झाले. त्यात निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुषांना सारखेच निर्माण केले, तेव्हा त्यांचे हक्कही सारखेच, असा विचार प्रश्नोत्तरांतून मांडला आहे. पॅली निसर्गातील रचनेवरून कर्त्याकडे जातो. जोतीराव कर्त्यावरून निघून माणसांनी रचलेल्या जातिव्यवस्थेला जाब विचारतात: ही रचना निर्मिकाची नव्हे, तुमची आहे. पॅलीच्या इंग्लंडात जो विचार बहुधा प्रस्थापितांना दिलासा देई, तो पुण्यात येऊन त्यांच्या विरोधात उभा राहिला. याच सुमारास आगरकरांनी ‘देवतोत्पत्ति’त प्रश्नच फिरवला होता: माणसाच्या मनात देवाची कल्पना कशी उत्पन्न झाली? दोघेही सुधारक, दोघांचे मार्ग वेगळे. कोणाचा तर्क अधिक निर्दोष, याचे माझे उत्तर आगरकर. कोणाच्या कल्पनेने अधिक माणसे ताठ उभी राहिली, याचे उत्तर जोतीराव.

मग दगडांनी ईश्वर खोटा ठरवला का? नाही, तसा दावा दगडांच्या आवाक्याबाहेरचा आहे. मुळात निसर्गाला नियम का आहेत, काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे, हा प्रश्न मांगलीच्या कवटीला विचारून उपयोग नाही. दगडांनी एवढेच केले की ‘रचना दिसते म्हणून रचणारा’ ही उडी आता फुकट मारता येत नाही. मधला सगळा काळ मोजावा लागतो.

तो मोजण्याची साधने आपल्याकडे इतकी जवळ आहेत, तरी आपण ती वापरत नाही, ही खंत आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग अलीकडेच वगळला गेला. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पाठ आहे. सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. तेथून फार दूर नाही ते प्राणहितेकाठचे कोटा, जेथील ज्युरासिक माशाचे वर्णन १८५१ सालीच लंडनमध्ये प्रसिद्ध झाले होते. आणि वरोरा तालुक्यात पिसदुरा आहे.

पिसदुऱ्याहून हिस्लॉपनेही हाडे गोळा केली होती. परंतु तेथील खरा ठेवा हाडांहून साधा आहे: डायनोसॉरांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे, शेताच्या मातीत विखुरलेले. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गोळ्यांत गवताच्या पेशींतील सिलिकाचे सूक्ष्म कण शोधून काढले. तोवर समज असा होता की गवताचा खरा विस्तार डायनोसॉर संपल्यानंतरचा. पिसदुऱ्याने दाखवले की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर जिवंत असतानाच, येथे अनेक प्रकारची गवते होती आणि ती खाल्ली जात होती. २०११ साली याच ठिकाणच्या नमुन्यांवरून आणखी पुढचे निष्पन्न झाले: त्या गवतांत भाताच्या कुळातली गवतेही होती. पिसदुऱ्याच्या पूर्वेला, ब्रह्मपुरीपासून गडचिरोलीपर्यंत पसरलेल्या झाडीपट्टीत आज सगळीकडे धानच पिकते.